दाराची मूठ आणि तिसरा डेक

नव्या वर्षाचं स्वागत समुद्रावर करायचं म्हणून हौसेने निघालेल्या प्रवाशांना घेऊन ‘कॉर्डेलिया’ची ‘एम्प्रेस’ ही बोट मुंबईहून गोव्याकडे गेली आणि २०२२ च्या जानेवारीत पहिल्याच आठवड्यात मुरगाव बंदरात अडकून पडली. वास्को हाकेच्या अंतरावर होतं, पण कुणालाही खाली उतरायची परवानगी नव्हती. बोटीवरचा एक कर्मचारी करोनाबाधित निघाला होता. पीपीई किट घातलेली वैद्यकीय पथकं बोटीवर चढली, दोन हजारांच्या आसपास माणसांच्या नाकातोंडातले नमुने घेतले गेले आणि गोव्याचे आरोग्यमंत्री विश्वजित राणे यांनी आकडा जाहीर केला : ६६ जण बाधित. बोट आल्या वाटेने मुंबईला परतली. तिथे पुन्हा चाचण्या झाल्या, तेव्हा आणखी शंभरावर लोक बाधित निघाले.

दोन दिवसांत आकडा एवढा कसा वाढला? गोव्यातल्या चाचण्या चुकल्या असतील असं वाटणं साहजिक आहे. पण विषाणू अंगात शिरल्यापासून चाचणीत दिसेपर्यंत दोन-तीन दिवस सहज जातात. आज हाती आलेला आकडा परवाच्या लागणीचा असतो. शहरात तोवर माणसं पांगलेली असतात, कोण कुणामुळे आजारी पडलं याचा माग उरत नाही. बोटीवर सगळे एकाच ठिकाणी असल्यामुळे तो माग स्पष्ट दिसतो. साथीच्या रोगांचा अभ्यास करणाऱ्यांना बोटीबद्दल इतकं कुतूहल का, ते यावरून लक्षात यावं.

आजची मोठी क्रूझ बोट म्हणजे तीन-चार हजार प्रवासी आणि हजारावर कर्मचारी. जेवण मोजक्या गॅलींतून, म्हणजे बोटीवरच्या स्वयंपाकघरांतून येतं, पाणी ठरावीक टाक्यांतून. जिन्याचे कठडे, लिफ्टची बटणं, बुफेतले डाव आणि चिमटे यांना दिवसभरात हजारो हात लागतात. सकाळी प्रवाशांचा एक जथा उतरतो, चादरी बदलतात, खोल्या आवरल्या जातात आणि दुपारी दुसरा जथा चढतो. मधले जेमतेम काही तास हाउसकीपिंगच्या हातात असतात. प्रवासी आठवड्याला बदलतात, कर्मचारी मात्र सहा-सहा, आठ-आठ महिने तेच. त्यामुळे आजार एका सफरीतून दुसऱ्या सफरीत जातो तो दोन वाटांनी. एक नीट न पुसलेल्या वस्तूंवरून आणि दुसरी कर्मचाऱ्यांच्या शरीरातून. पहिल्या वाटेबद्दल पुष्कळ लिहिलं जातं. दुसरीबद्दल फार कमी.

करोनाने बोटी जगभर बदनाम झाल्या, तरी बोटीवरचा नेहमीचा आजार पोटाचा आहे. त्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं, नोरोव्हायरस. १९६८ साली अमेरिकेत ओहायो राज्यातल्या नॉरवॉक गावी एका प्राथमिक शाळेतली मुलं आणि शिक्षक एकाएकी उलट्यांनी हैराण झाले. रोग कशाचा, हे तेव्हा समजलं नाही, पण रुग्णांचे नमुने जपून ठेवले गेले. चार वर्षांनी, १९७२ मध्ये, अल्बर्ट कापिकियन या शास्त्रज्ञाने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यात हा विषाणू पाहिला. लागण झाल्यावर १२ ते ४८ तासांत पोट ढवळायला लागतं, मग उलट्या, जुलाब, कधी ताप. धडधाकट माणूस एक ते तीन दिवसांत उठून बसतो. साठी-सत्तरी ओलांडलेल्यांच्या अंगातलं पाणी झपाट्याने कमी होतं, त्यांना सलाइन लावायची पाळी येते. आणि क्रूझवर याच वयाची मंडळी मोठ्या संख्येने असतात.

या विषाणूची चिवटपणाची ख्याती खरी आहे. आजारी माणसाच्या शरीरातून तो अब्जावधींच्या संख्येने बाहेर पडतो, आणि दुसऱ्याला आजारी पाडायला त्यातले अवघे दहा ते शंभर कण पुरतात. उलटी झाली की त्याचे सूक्ष्म थेंब हवेत उडतात आणि आजूबाजूच्या टेबलाखुर्चीवर, गालिच्यावर बसतात. तिथे तो कित्येक दिवस टिकतो. साठ अंश सेल्सिअसची उष्णताही तो सहन करतो, म्हणून वरवर वाफवलेले शिंपले खाल्ल्यानेही लागण होते. आणखी एक अडचण आहे. माणूस बरा होऊन हिंडूफिरू लागला तरी पुढे दोन आठवडे किंवा जास्तही त्याच्या शौचातून विषाणू जात राहतो. म्हणजे ‘आता मला काही होत नाही’ म्हणणारा माणूस दुसऱ्यांसाठी अजून निर्धोक झालेला नसतो.

बोटीवर स्वच्छता किती होते, हे मोजायची एक साधी आणि फार बोलकी पद्धत काही संशोधकांनी वापरली. २००९ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. तीन वर्षांत ५६ क्रूझ बोटींवरच्या २७३ सार्वजनिक स्वच्छतागृहांत त्यांची माणसं प्रवासी म्हणून गेली. संडासाची बैठक, पाणी सोडायचं बटण, कडी, आधारासाठी धरायचा दांडा, बाळाचे कपडे बदलायची फळी आणि बाहेर पडायच्या दाराची मूठ अशा ठिकाणी त्यांनी एका द्रावणाचा ठिपका लावला. हा ठिपका नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. ओल्या फडक्याने जागा पुसली की तो निघून जातो, पुसली नाही तर अतिनील दिव्याखाली चमकतो. दुसऱ्या दिवशी दिवा घेऊन पाहिलं की झालं. ठिपका राहिला म्हणजे तिथे फडकं फिरलेलं नाही.

आठ हजारांवर वस्तू अशा तपासल्या गेल्या. त्यांपैकी दिवसाकाठी पुसल्या जात होत्या सरासरी ३७ टक्के. फरशी लखलखीत, आरसे स्वच्छ, सुगंध दरवळतोय, आणि तरीही हे प्रमाण. सगळ्यांत नीट पुसली जाणारी वस्तू म्हणजे संडासाची बैठक, कारण ती अस्वच्छ असते हे सगळ्यांना माहीत आहे. बाहेर पडायच्या दाराची मूठ मात्र ३५ टक्के ठिकाणीच रोज पुसली जात होती. हात स्वच्छ धुतलेला माणूस शेवटी जिला हात लावतो ती हीच मूठ. न धुतलेल्याचा हातही तिलाच लागलेला असतो. ज्या बोटींवर पुढे नोरोव्हायरसची साथ आली, त्यांची या मोजणीतली स्वच्छता बाकीच्यांपेक्षा कितीतरी कमी भरली. स्वच्छता डोळ्यांनी पाहून ठरवता येत नाही, याचा इतका सरळ पुरावा क्वचितच मिळतो.

या मुठीवर उपाय काय? तिथून पुढे प्रवाशाचा हात येतो. क्रूझच्या भोजनगृहाच्या दाराशी सॅनिटायझरची बाटली घेऊन एक कर्मचारी उभा असतो. नॉर्वेजियन क्रूझ लाइनच्या बोटींवर तर ‘वॉशी वॉशी’ असा पुकारा करत, गाणं म्हणत, येणाऱ्याच्या तळहातावर द्रव उडवणारे कर्मचारी प्रवाशांचे लाडके झाले आहेत. लोक हसत हात पुढे करतात आणि हात स्वच्छ झाले असं समजून थेट ताटाकडे वळतात. इथे घोटाळा होतो. करोनाच्या विषाणूभोवती स्निग्ध पदार्थाचं पातळ आवरण असतं. अल्कोहोलने ते विरघळतं आणि विषाणू निकामी होतो. नोरोव्हायरसला असं आवरणच नाही. त्याचं प्रथिनांचं कवच अल्कोहोलला फारशी दाद देत नाही. म्हणून करोनाच्या काळात हाती आलेली सवय या आजारापुढे तोकडी पडते. त्याला साबण आणि वाहतं पाणी लागतं. साबणही त्याला मारत नाही, पण वीसेक सेकंद बोटांच्या बेचक्यांतून, नखांच्या कडांतून चोळून पाणी सोडलं की तो हातावरून सुटून वाहून जातो. कठडे, बटणं, फरशी यांसाठी क्लोरीनचं द्रावण लागतं, तेही पुरेसं तीव्र, आणि लावल्यावर काही मिनिटं ओलं राहू द्यावं लागतं. लगेच कोरडं पुसून घेतलं तर श्रम वाया जातात. घाईतल्या सफाईत नेमकी हीच मिनिटं गाळली जातात.

बोटींवरच्या साथींच्या बातम्या इतक्या का येतात, याचं कारण तिथलं हिशेबाचं दप्तर आहे. सत्तरच्या दशकात क्रूझवर पोटाच्या साथी वाढल्या, तेव्हा अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, १९७५ पासून बोटींच्या स्वच्छतेचा स्वतंत्र कार्यक्रम सुरू केला. परदेशी बंदरं करून अमेरिकेच्या बंदरात येणाऱ्या प्रवासी बोटींची आगाऊ सूचना न देता तपासणी होते आणि १०० पैकी गुण दिले जातात. ८५ किंवा त्याखाली गुण मिळाले की बोट नापास. हे गुण कुणालाही वाचता येतात. शिवाय जुलाब-उलट्यांच्या प्रत्येक रुग्णाची नोंद बोटीच्या दवाखान्यात ठेवावी लागते आणि प्रवाशांपैकी किंवा कर्मचाऱ्यांपैकी ३ टक्के लोक आजारी पडले की साथ म्हणून ती जाहीर होते. २०१४ च्या जानेवारीत ‘एक्स्प्लोरर ऑफ द सीज’ या बोटीवर सहाशेंहून जास्त प्रवासी आजारी पडले आणि सफर अर्धवट सोडून बोट न्यू जर्सीला परतली, तो आकडा आपल्याला कळला तो या नोंदींमुळे. अमेरिकेत नोंदल्या जाणाऱ्या नोरोव्हायरसच्या एकूण साथींपैकी बोटींवरच्या साथी मात्र १ टक्का आहेत. बाकीच्या वृद्धाश्रमांत, शाळांत, रुग्णालयांत, उपाहारगृहांत घडतात.

आता हा हिशेब जमिनीवर लावून पाहावा. म्हैसूरच्या कुवेंपुनगरात बोट येत नाही. मंगळूरचं बंदर तिथून अडीचशे किलोमीटर दूर. निवृत्त प्राध्यापक, बँकेतून, रेल्वेतून सेवानिवृत्त झालेली मंडळी, चौकोनी आखलेले रस्ते, बागा, जागोजागी कल्याण मंटप (म्हणजे मंगल कार्यालयं) अशी ही वस्ती. इथली कुटुंबं आता अंदमान-केरळच्या जोडीला क्रूझचीही चौकशी करतात, आणि ‘बोटीवर आजार फार पसरतात म्हणे’ ही शंका त्या चौकशीत हमखास असते. शंका रास्त आहे. पण कल्याण मंटपात हजार माणसं जेवून गेली आणि दुसऱ्या दिवशी त्यांतल्या पन्नास जणांना जुलाब झाले, तर ते मोजणार कोण? एक घर डॉक्टरकडे जातं, दुसरं औषधाच्या दुकानातून गोळ्या आणतं, तिसरं ताकभातावर भागवतं. सगळे मिळून पाच टक्के झाले, म्हणजे बोटीवर ज्याला साथ म्हटलं असतं त्याहून जास्त, हे कुणाच्याही लक्षात येत नाही.

लक्षात येतं ते जीव गेल्यावर. मे २०२४ मध्ये म्हैसूर तालुक्यातल्या के. सालुंडी गावात पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळून जुलाब-उलट्यांची साथ आली. कित्येक गावकऱ्यांना रुग्णालयात हलवावं लागलं आणि एक तरुण दगावला. ज्या म्हैसूरने स्वच्छ शहरांच्या देशव्यापी क्रमवारीत २०१६ साली पहिला क्रमांक मिळवला, त्याच शहराच्या वेशीवरची ही गोष्ट आहे. बोटीत पाण्याच्या नळातलं क्लोरीन सतत मोजलं जातं, त्याच्या नोंदी राहतात. गावच्या बोअरवेलला हे भाग्य नाही, आणि असायला हवं.

समुद्रावरून आलेल्या रोगाची म्हैसूरला तशी जुनी ओळख आहे. १८९६ साली मुंबईत मांडवीच्या गोदामांच्या परिसरात प्लेग प्रकटला. डॉ. अकासिओ विएगस यांनी त्याचं निदान केलं. हाँगकाँगच्या बाजूने येणाऱ्या बोटींबरोबर तो आला असावा, असं मानलं जातं. बंदरातून तो रेल्वेच्या रुळांवरून देशात पसरला आणि १८९८ मध्ये म्हैसूर संस्थानात पोचला. त्या धक्क्यानंतर १९०३ साली म्हैसूरला नगरसुधारणेचं मंडळ स्थापन झालं. दाटीच्या मोहल्ल्यांतून हवा खेळावी, रस्ते रुंद व्हावेत, गटारं आखीव असावीत हा विचार तेव्हापासून शहराच्या आखणीत उतरला. कुवेंपुनगर त्यानंतर कित्येक दशकांनी वसलं, पण तिथले सरळ, रुंद रस्ते त्याच विचाराच्या वळणाचे आहेत.

मार्च २०२० मध्ये बंदरांनी रोगाच्या भीतीने बोटी बाहेरच ठेवण्याचा जुनाच मार्ग पुन्हा धरला. ‘एमएससी लिरिका’ ही क्रूझ बोट मंगळूरला येणार होती, तिला धक्क्याला लागू न देता परत पाठवण्यात आलं. बंदरांची भीती अनाठायी नव्हती. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ‘डायमंड प्रिन्सेस’ होती.

त्या बोटीची कथा अनेकदा सांगून झाली आहे, पण तिच्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग बहुतेक वेळा सुटतो. २० जानेवारी २०२० ला योकोहामाहून निघालेल्या या बोटीतून एक वृद्ध प्रवासी २५ तारखेला हाँगकाँगला उतरला आणि पुढे बाधित निघाला. ३ फेब्रुवारीला बोट योकोहामाला परतली तेव्हा तिच्यावर ३,७११ माणसं होती : २,६६६ प्रवासी आणि १,०४५ कर्मचारी. ५ फेब्रुवारीपासून प्रवाशांना आपापल्या खोल्यांत बसायला सांगण्यात आलं. तिन्ही वेळचं जेवण दारापर्यंत यायचं. अखेरीस ७१२ लोक बाधित झाले आणि १४ जणांचा मृत्यू झाला.

जेवण दारापर्यंत कोण आणत होतं? विलगीकरण प्रवाशांचं होतं. कर्मचारी स्वयंपाक करत होते, ताटं वाटत होते, कपडे धूत होते आणि काम संपल्यावर दोघा-दोघांच्या खोल्यांत झोपत होते, एकाच मेसमध्ये जेवत होते. पहिल्या काही दिवसांत बाधित झालेल्या २० कर्मचाऱ्यांचा तपशील पुढे सीडीसीने प्रसिद्ध केला. त्यांतले १५ जण अन्नविभागातले होते. २० पैकी १६ जणांच्या खोल्या तिसऱ्या डेकवर होत्या, आणि अन्नविभागाचे कर्मचारी राहायचे तो हाच डेक. वरच्या मजल्यांवर दारं बंद करून रोग अडवायचा प्रयत्न चालला होता, आणि त्या दारांवर दिवसातून तीनदा टकटक करणारे हात राहत होते तिसऱ्या डेकवर, दाटीत. कोबे विद्यापीठातले संसर्गरोगतज्ज्ञ केंतारो इवाता बोटीवर जाऊन आले आणि १८ फेब्रुवारीला त्यांनी चित्रफितीतून सांगितलं की बोटीवर सुरक्षित आणि बाधित विभाग वेगळे राखलेलेच नाहीत. जगभर खळबळ माजली.

त्या कर्मचाऱ्यांत १३२ भारतीय होते. प्रवासी धरून एकूण १३८. बोटीवरून त्यांतल्या काहींनी समाजमाध्यमांवर मदतीची हाक दिली, तेव्हा आपल्या घरोघरी टीव्हीसमोर बसलेल्यांना पहिल्यांदा जाणवलं की या बोटींच्या पोटात आपलीच मुलं काम करतात. २७ फेब्रुवारीला एअर इंडियाच्या विमानाने ११९ भारतीय दिल्लीला आणले गेले आणि मानेसरला त्यांना विलगीकरणात ठेवलं गेलं.

गोव्याला आणि कोकणाला ही जाणीव नव्याने व्हायची गरज नव्हती. साष्टी, बारदेशातल्या कितीतरी घरांची कौलं तारवट्यांच्या, म्हणजे बोटींवर नोकरी करणाऱ्यांच्या पैशांनी शाकारली आहेत. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या घरांतूनही ‘तो शिपवर असतो’ हे वाक्य सहज ऐकू येतं. २०२० च्या एप्रिलमध्ये ‘मरेला डिस्कव्हरी’ ही बोट मुंबईबाहेर थांबून राहिली. तिच्यावर दीडशेच्या आसपास भारतीय कर्मचारी होते, त्यांत पुष्कळ गोव्याचे. टाळेबंदीत कुणाला उतरवून घ्यायचं, याचा नियमच नव्हता. केंद्र सरकारने कार्यपद्धती ठरवली आणि २३ एप्रिलला ते उतरले. घर समोर असताना बोटीवर दिवस काढणं काय असतं, ते त्या घरांतल्या माणसांना विचारावं.

क्रूझच्या स्वच्छतेची चर्चा फडकं, क्लोरीन आणि सॅनिटायझर यांच्यावर येऊन थांबते, ती इथे अपुरी पडते. साथ रोखायचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक क्षण म्हणजे पहिल्या आजारी माणसाने ‘माझं पोट बिघडलंय’ असं सांगण्याचा. तो सांगतो का? प्रवाशाने वर्षभर पैसे साठवलेले असतात. सांगितलं तर खोलीत अडकून बसावं लागणार, गोवा असो की सिंगापूर, खिडकीतून पाहावं लागणार. म्हणून तो पोटात गोळी टाकतो आणि बुफेला जातो. बोटीवर चढताना भरायच्या आरोग्याच्या पत्रकात ‘गेल्या दोन दिवसांत उलटी-जुलाब?’ या प्रश्नापुढे ‘नाही’ लिहिणाऱ्यांत खोटं लिहिणारे असणारच, कारण खरं लिहिण्याची किंमत त्यांच्या खिशाला परवडत नाही.

कर्मचाऱ्याचं गणित याहून कठीण आहे. सीडीसीच्या नियमांप्रमाणे अन्न हाताळणाऱ्या कर्मचाऱ्याला जुलाब-उलट्या झाल्या तर त्रास पूर्ण थांबल्यावरही ४८ तास त्याला कामापासून दूर ठेवावं लागतं. बाकीच्या कर्मचाऱ्यांना २४ तास. समुद्रकामगारांच्या २००६ च्या आंतरराष्ट्रीय करारात, ज्याला भारताने २०१५ मध्ये मान्यता दिली, बोटीवर आजारी पडलेल्याला पूर्ण पगार देण्याची तरतूद आहे, आणि केबिन स्टुअर्ड किंवा वेटरही या करारात समुद्रकामगारच धरला जातो. हे सगळं चांगलं आहे. तरी या कामांत टिपांचा वाटा मोठा असतो, आणि खोलीत पडून राहिलेल्या माणसाला टीप मिळत नाही. त्याहून मोठी धास्ती पुढच्या काँट्रॅक्टची. ‘सारखा आजारी पडतो’ असा शेरा पडला तर साइन ऑफ होऊन घरी गेल्यावर पुन्हा बोलावणं येईल का? घरी कर्जाचा हप्ता चालू असलेला माणूस अशा वेळी दात आवळून ताटं उचलत राहतो. त्याला दोष देता येत नाही. दोष त्या व्यवस्थेचा आहे, जिच्यात खरं बोलणं महाग पडतं.

पाण्याच्या वाटेने येणारा एक वेगळा आजारही सांगायला हवा, कारण हात धुऊन तो टळत नाही. १९९४ च्या उन्हाळ्यात ‘होरायझन’ या बोटीच्या प्रवाशांना न्यूमोनिया होऊ लागला. घरी परतल्यावर वेगवेगळ्या शहरांत, वेगवेगळ्या डॉक्टरांकडे ते गेले, त्यामुळे धागा जुळायला वेळ लागला. जुळला तो बोटीवरच्या गरम पाण्याच्या जकुझीपाशी. तिच्या गाळणीत लिजिओनेला नावाचे जिवाणू वाढले होते आणि बुडबुड्यांतून उडणाऱ्या तुषारांबरोबर लोकांच्या फुप्फुसांत जात होते. पाण्यात न उतरता नुसते शेजारी बसलेलेही त्यातून सुटले नाहीत.

भारतात क्रूझचा व्यवसाय आता वेगाने वाढतो आहे. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये ‘क्रूझ भारत मिशन’ जाहीर केलं, वर्षभराने मुंबईचं नवं आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल सुरू झालं. बंदरांवर केंद्राची आरोग्य संघटना आहे. परदेशातून येणाऱ्या बोटीला ‘इथे कुणी आजारी नाही’ असं जाहीर करून तिची अनुमती घ्यावी लागते, आणि आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांनुसार बोटीकडे स्वच्छतेचं प्रमाणपत्र असावं लागतं, ज्याची मुदत सहा महिने असते. मुंबई-गोवा किंवा कोची-लक्षद्वीप अशा देशांतर्गत सफरींच्या बोटींचेही तपासणीतले गुण अमेरिकेप्रमाणे लोकांना उघड वाचता यावेत. तिकिटाचे पैसे भरणाऱ्याला बोटीचा तरणतलाव किती लांब आहे ते कळतं, तसंच तिच्या गॅलीला किती गुण मिळाले तेही कळायला हवं.

तोवर प्रवाशाच्या हाती असलेल्या गोष्टी अशा. सॅनिटायझर मिळालं तरी जेवायच्या आधी साबणाने हात धुणं. स्वच्छतागृहातून बाहेर पडताना कागदी रुमालाने मूठ धरून दार उघडणं आणि मग रुमाल टाकणं. बुफेत कर्मचारी वाढत असेल तर रांग मोठी असली तरी तिथेच थांबणं. कुणी उलटी केली तर ‘बिचारा’ म्हणून जवळ न जाता लांब होणं आणि ताबडतोब कर्मचाऱ्याला बोलावणं. स्वतःचं पोट बिघडलं तर दवाखान्यापर्यंत चालत न जाता खोलीतल्या फोनवरून कळवणं, कारण त्या वाटेवर दोन लिफ्ट आणि चार कठडे लागतात. जुलाब-उलट्यांच्या तपासणीचे पैसे काही कंपन्या घेत नाहीत. आजार लपवला जाऊ नये, म्हणूनच ही सवलत असते. तिकीट काढतानाच ती आहे का, निघायच्या आदल्या दिवशी ताप आला तर सफर पुढे ढकलून मिळेल का, आणि आजारी कर्मचाऱ्याला टिपांचं नुकसान भरून मिळतं का, हे तिन्ही प्रश्न एजंटला विचारता येतात. तिसरा प्रश्न ऐकून एजंट गोंधळेल. त्याला तो कंपनीला लिहून विचारायला लावावा. अशी पाच-पन्नास पत्रं गेली की कंपन्यांना उत्तर तयार ठेवावं लागेल.